जोझिलाचा सेनानी

कर्नाटक राज्याच्या नैऋत्येस, सह्याद्रीच्या कुशीत, कोडगू नावाचा एक लहानसा डोंगराळ मुलूख आहे. कावेरी नदी याच मुलखात उगम पावते. दाट अरण्ये, कॉफीचे मळे आणि पावसाळ्यात धुक्याने भरून जाणाऱ्या दऱ्या हे या प्रदेशाचे वैभव होय. येथील कोडव लोक शूर म्हणून पूर्वापार प्रसिद्ध आहेत. घरात मुलगा जन्मास आला, म्हणजे बंदुकीचा बार काढून ती आनंदवार्ता गावास कळवावयाची, अशी त्यांच्यात जुनी चाल आहे. वर्षातून एकदा शस्त्रे घासूनपुसून, त्यांना फुले वाहून पूजा करण्याचा सणही ते पाळतात.

अशा या मुलखात, मडिकेरी गावी, १९०६ सालच्या मार्च महिन्यात कोडंदेरा सुबय्या थिमय्या यांचा जन्म झाला. वडील कॉफीचे मळेवाले होते. घरची स्थिती उत्तम होती. मळ्याचा कारभार पाहून सुखाने आयुष्य घालविणे त्यांना सहज शक्य होते. परंतु थिमय्यांचा ओढा लहानपणापासून सैन्याकडे होता. बंगळूर येथे काही वर्षे शिकल्यावर त्यांनी डेहराडूनच्या लष्करी विद्यालयात प्रवेश मिळविला. तेथून ते इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या प्रसिद्ध लष्करी महाविद्यालयात गेले आणि १९२६ साली सैन्यात अधिकारी झाले.

त्या काळी भारतावर इंग्रजांचे राज्य होते. सैन्यातील वरच्या जागा बहुतेक इंग्रजांच्याच हाती असत. भारतीय अधिकाऱ्याकडे पुष्कळ इंग्रज संशयाने व कमीपणाने पाहत. दुसरीकडे देशात स्वातंत्र्याची चळवळ जोर धरीत होती. हजारो तरुण तुरुंगात जात असताना आपण परकीयांच्या सैन्यात चाकरी करावी काय, हा प्रश्न थिमय्यांच्या मनाला सतत टोचत असे. अलाहाबाद येथे असताना त्यांनी व त्यांच्या काही सोबत्यांनी ही व्यथा पंडित मोतीलाल नेहरू यांच्यापुढे मांडली. मोतीलालजींनी त्यांना सैन्य सोडू नका, असाच सल्ला दिला. देश एक दिवस स्वतंत्र होणारच, आणि त्या दिवशी त्याला आपले सैन्य चालविण्यासाठी शिकलेसवरलेले अधिकारी लागतील, हे त्यांनी या तरुणांना समजावून सांगितले. थिमय्यांनी तो सल्ला मानला व ते आपली विद्या मन लावून शिकू लागले.

सैनिकाचे काम केवळ शत्रूशी लढण्याचे नसते, हे त्यांनी पुढे १९३५ साली क्वेट्टा येथे अनुभवले. त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस एका रात्री भयंकर भूकंप होऊन ते शहर क्षणार्धात जमीनदोस्त झाले. हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. थिमय्यांचे लग्न त्याच वर्षी झाले होते. त्यांनी व त्यांच्या पत्नी नीना यांनी संकटात सापडलेल्यांच्या मदतीसाठी अहोरात्र कष्ट केले. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र आणि जखमीला औषध वेळेवर पोहोचविणे किती कठीण असते, हे त्या दिवसांत त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या किनाऱ्यावरील आराकान भागात जपानी सैन्याशी घनघोर लढाया झाल्या. १९४५ च्या आरंभी कांगाव या ठिकाणी झालेल्या लढाईत एका ब्रिगेडमधील तिन्ही पायदळ पलटणींचे नेतृत्व भारतीय अधिकाऱ्यांकडे होते. त्यांपैकी एक थिमय्या, दुसरे लायोनेल प्रतीप सेन आणि तिसरे महाराष्ट्राचे शंकरराव थोरात. दलदल, घनदाट झाडी आणि प्राणपणाने लढणारा शत्रू यांना तोंड देऊन या तिघांनी विजय मिळविला. तिघांनाही त्या पराक्रमाबद्दल मानाचे पदक मिळाले. लवकरच थिमय्यांना एका संपूर्ण ब्रिगेडचे अधिपत्य मिळाले. त्या महायुद्धात प्रत्यक्ष रणांगणावर पायदळाच्या ब्रिगेडचे नेतृत्व करण्याचा मान मिळालेले ते एकमेव भारतीय अधिकारी होत. त्यांचे थोरले बंधू याच काळात नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या आझाद हिंद सेनेत होते. एकाच घरातील दोन भाऊ परस्परविरोधी सैन्यांत असावेत, असा तो चमत्कारिक काळ होता.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. पण त्याबरोबरच त्याची फाळणीही झाली. पंजाबात रक्ताचे पाट वाहू लागले. लक्षावधी निर्वासितांचे तांडे सीमा ओलांडून इकडून तिकडे व तिकडून इकडे जाऊ लागले. त्यांच्या रक्षणाचे काम ज्या सेनाधिकाऱ्यांवर पडले, त्यांत मेजर जनरल थिमय्या हे एक प्रमुख होते. हे दुःख शमते न शमते तोच उत्तरेकडे युद्धाचा भडका उडाला.

२२ ऑक्टोबर १९४७ रोजी पाकिस्तानच्या बाजूने हजारो सशस्त्र टोळीवाले काश्मीर संस्थानात शिरले. लुटालूट व जाळपोळ करीत ते श्रीनगरच्या रोखाने निघाले. काश्मीरच्या महाराजांनी भारतात सामील होण्याच्या करारावर सही केली, आणि २७ ऑक्टोबरच्या सकाळी भारतीय सैनिकांना घेऊन पहिली विमाने श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरली. श्रीनगर वाचले, बारामुल्ला परत मिळाले. परंतु युद्ध संपले नाही. उत्तरेकडील गिलगिटचा भाग हातचा गेला. १९४८ च्या मे महिन्यात पाकिस्तानचे नियमित सैन्यही युद्धात उतरले. याच महिन्यात काश्मीर खोऱ्यातील भारतीय सेनेची सूत्रे थिमय्यांनी हाती घेतली. त्यांचे वरिष्ठ सेनापती होते लेफ्टनंट जनरल करिअप्पा. तेही कोडगूचेच सुपुत्र.

थिमय्यांपुढे सर्वांत मोठी काळजी होती ती लडाखची. लडाख हा हिमालयाच्या पलीकडचा उंच, उजाड व अतिशीत प्रदेश. लेह हे त्याचे मुख्य ठिकाण. श्रीनगरहून लेहला जाणारी वाट सोनमर्गवरून बालतालला जाते. तेथे समोर पर्वताची भिंतच उभी राहते. ती चढून गेले, म्हणजे सुमारे ३,५०० मीटर उंचीवर जोझिला ही खिंड लागते. लडाखी भाषेत ‘ला’ म्हणजेच खिंड. खिंडीपलीकडे गुमरीचे पठार, मग मचोई, मटायन, द्रास व कारगिल ही ठिकाणे, आणि त्यानंतर कितीतरी मजला मारल्यावर लेह. हिवाळ्यात या खिंडीत कित्येक फूट बर्फ साचते व त्या काळी महिनेच्या महिने वाट बंद राहत असे. घराला एकच दार असावे आणि नेमके तेच शत्रूने बाहेरून अडवून धरावे, तशी लडाखची अवस्था होण्याची भीती होती.

लेहच्या रक्षणासाठी फार थोडे सैनिक होते. त्या वर्षीच्या हिवाळ्यात पृथी चंद नावाचे एक धाडसी अधिकारी डोग्रा पलटणीतील सुमारे ४० स्वयंसेवकांना घेऊन बर्फाने भरलेली जोझिला ओलांडून लेहला पोहोचले होते. त्या मोहिमेतील सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने स्थानिक लोकांच्या मदतीने सिंधू नदीकाठी विमानांसाठी एक ओबडधोबड धावपट्टी तयार केली. परंतु एवढ्या उंचीवर विमान उतरविणार कोण? वाटेत गगनाला भिडणारी हिमशिखरे. हवा इतकी विरळ, की विमानाच्या यंत्रांची शक्ती घटते आणि माणसाला श्वास पुरत नाही. वाट दाखविणारी कोणतीही साधने नाहीत. तरी हवाई दलाचे एअर कमोडोर मेहर सिंग या कामास तयार झाले. जे धाडस आपल्या सैनिकांना करावयास सांगावयाचे, ते आधी आपण करावे, हा थिमय्यांचा बाणा होता. २४ मे १९४८ रोजी मेहर सिंगांच्या डाकोटा विमानात ते स्वतः बसले. विमान हिमशिखरे ओलांडून लेहच्या वाळूत सुखरूप उतरले. त्यानंतर काही दिवसांतच गुरखा सैनिकांची कुमक विमानांनी लेहला येऊ लागली. लेह तात्पुरते तरले.

परंतु विमानांनी किती सैनिक आणि किती धान्य नेणार? आकाश निरभ्र असेल तेव्हाच विमान उडावयाचे. एका विमानात मावणार ते थोडेच. जमिनीवरची वाट मोकळी झाल्यावाचून लडाखचा प्रश्न सुटणार नव्हता. इकडे शत्रूने द्रास व कारगिल घेतले, आणि जोझिलाही अडवून धरली. उत्तरेकडील स्कार्दूच्या किल्ल्यात लेफ्टनंट कर्नल शेर जंग थापा हे मूठभर सैनिकांनिशी सहा महिने झुंजत होते. त्यांच्यापर्यंत ना कुमक पोहोचू शकली, ना पुरेसे अन्न, ना दारूगोळा. अखेर १४ ऑगस्ट १९४८ रोजी स्कार्दू पडले. त्या सैनिकांचे शौर्य तिळभरही कमी नव्हते. कमी पडली ती रसद. लेहवर तीच पाळी येऊ द्यावयाची नाही, असा थिमय्यांनी निश्चय केला.

सप्टेंबर महिन्यात पायदळाने जोझिलावर हल्ले चढविले. परंतु खिंडीपलीकडे दोन्ही बाजूंच्या कड्यांवर, गुहांत व दगडी आडोशांमागे शत्रूच्या मशीनगन दबा धरून बसल्या होत्या. मध्ये उघडे पठार. आडोसा म्हणून कोठे झुडूपदेखील नाही. पुढे सरकणाऱ्या सैनिकांवर दोन्हीकडून गोळ्यांचा पाऊस पडे. तोफा डागल्या, विमानांनी बाँब टाकले. तथापि खडकांच्या पोटात लपलेल्या त्या मशीनगन बंद पडेनात. अनेक शूर सैनिक कामी आले. खिंड बंदच राहिली.

आता दिवस मोजके उरले होते. एकदा हिमवर्षाव सुरू झाला, की पुढचा उन्हाळा येईपर्यंत काहीच करता आले नसते. तोपर्यंत लेहमधील सैनिक व नागरिक तगतील काय? पायदळाने पुन्हा त्याच वाटेने, त्याच रीतीने हल्ला केला असता, तर पुन्हा तशीच प्राणहानी झाली असती. थिमय्यांनी वेगळा विचार केला. शत्रूच्या गोळ्या ज्याच्या अंगाला लागूनही काही करू शकणार नाहीत, आणि ज्याच्या तोफेला अगदी जवळून गुहेच्या तोंडावर नेम धरता येईल, असे साधन त्या पठारावर नेले पाहिजे होते. असे साधन एकच होते. ते म्हणजे रणगाडा.

ही कल्पना ऐकून कोणालाही नवल वाटले असते. जेथे खेचर जपून पाऊल टाकते, तेथे लोखंडाचा चौदा टन वजनाचा रणगाडा चढणार कसा? जगात एवढ्या उंचीवर रणगाडे नेऊन तोपर्यंत कोणी लढाई केली नव्हती. पण थिमय्यांना त्यातच फायदा दिसला. जी गोष्ट अशक्य आहे असे शत्रू मानतो, तिच्याविरुद्ध तो तयारी करीत नाही. करिअप्पांनीही या योजनेस पाठिंबा दिला.

मात्र योजना कागदावर आखणे सोपे, ती पार पाडणे कठीण. सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे जम्मूजवळ अखनूरकडे होते. तेथून बालताल सुमारे ४०० किलोमीटर दूर. वाटेत बनिहालचा अवघड घाट आणि जागोजाग कच्चे पूल. रणगाड्यांचे वजन त्या पुलांना पेलणारे नव्हते. म्हणून तोफेसह वरचे फिरते बुरूज उतरवून ते वेगळे नेण्यात आले. उरलेल्या भागावर ताडपत्र्या टाकल्या, त्यामुळे पाहणाऱ्याला ही सामानाची वाहने वाटावीत. श्रीनगर शहरातून जाताना संचारबंदी पुकारण्यात आली. शत्रूचे हेर सर्वत्र असण्याचा संभव होता. त्यांना या हालचालींचा सुगावा लागला असता, तर सारे मुसळ केरात गेले असते. परंतु गुप्तता पूर्णपणे राखली गेली. लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग यांनी आपले रणगाडे बालतालपर्यंत आणले आणि तेथे त्यांचे बुरूज पुन्हा चढविण्यात आले.

तरीही मुख्य प्रश्न उरलाच. बालतालपासून खिंडीपर्यंत केवळ एक अरुंद पाऊलवाट होती. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी. या पाऊलवाटेचा रस्ता करण्याचे काम मद्रासच्या सफरमैना पलटणीकडे सोपविण्यात आले. रस्ते बांधणे, पूल उभारणे, सुरुंग लावणे व सुरुंग काढणे ही सफरमैनांची कामे. हे दक्षिणेकडील उष्ण प्रदेशातून आलेले जवान. त्यांच्यापैकी पुष्कळांनी पूर्वी बर्फ पाहिलेसुद्धा नसेल. रक्त गोठविणाऱ्या थंडीत, विरळ हवेत धापा टाकीत, शत्रूच्या माऱ्याला तोंड देत त्यांनी कडा फोडण्यास प्रारंभ केला. सुरुंगांनी खडक उडवावयाचे, पहारींनी दगड हलवावयाचे, वाट रुंद करावयाची, खचणारी कड दगड रचून भक्कम करावयाची, असे हे काम होते. बोटे बधिर होत, पाऊल निसरत असे. पण काम थांबले नाही. ऑक्टोबरच्या मध्यास त्या पाऊलवाटेवरून वाहन जाऊ शकेल असा रस्ता तयार झाला.

हातात बंदूक घेऊन शत्रूवर धावून जाणारा वीर सर्वांना दिसतो. परंतु पहार हातात घेऊन त्या वीरासाठी वाट करणारा, पाठीवर धान्याचे पोते वाहणारा, रात्री-अपरात्री मोटार हाकून दारूगोळा आणणारा सैनिक सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. थिमय्यांच्या दृष्टीस मात्र तो नेहमी पडे. पुढच्या चौक्यांवर जाऊन सैनिकांची विचारपूस करण्याची त्यांची रीत होती. सैनिक त्यांना आपल्यातलेच एक मानीत, आणि म्हणूनच त्यांनी सांगितलेले अवघड काम अंगावर घेण्यास सारे तयार असत.

हल्ल्याचा दिवस २० ऑक्टोबर ठरला होता. परंतु आकाश भरून आले, बर्फ पडू लागले, आणि हल्ला पुढे ढकलणे भाग पडले. एकेक दिवस मोलाचा होता. हिवाळ्याने दाराला कायमचा अडसर घातला, तर सारी मेहनत वाया जाणार होती. अखेर १ नोव्हेंबर १९४८ हा दिवस निश्चित झाला.

त्या दिवशी दुपारी, बर्फाळ हवेत, रणगाड्यांची घरघर जोझिलाच्या कड्यांत घुमू लागली. एकामागून एक रणगाडे सफरमैनांनी तयार केलेल्या रस्त्याने वर चढू लागले. डिव्हिजनचा सेनापती सामान्यतः रणरेषेच्या मागे राहून लढाईची सूत्रे हलवितो. परंतु थिमय्या त्या दिवशी सर्वांत पुढच्या रणगाड्यात होते. ज्या वाटेवर पूर्वी कोणी रणगाडा नेला नव्हता, त्या वाटेवर आपल्या जवानांना पाठवून आपण खाली थांबावे, हे त्यांना मानवले नाही.

रणगाडे खिंड ओलांडून गुमरीच्या पठारावर आले. कड्यांवरील शत्रूला हे दृश्य खरेच वाटेना. त्याच्या मशीनगन कडाडू लागल्या. पण गोळ्या पोलादी पत्र्यावर आपटून व्यर्थ जात होत्या. रणगाड्यांच्या तोफांनी जवळून नेम धरून एकेका गुहेच्या तोंडावर मारा केला. ज्या आडोशांनी दोन महिने पायदळाची वाट रोखली होती, ते एकामागून एक ढासळू लागले. मागून पायदळाचे जवान पुढे सरसावले आणि कडे चढू लागले. शत्रूने ठाणी सोडून पळ काढला. सायंकाळपर्यंत गुमरीचे पठार भारतीय सैन्याच्या हाती आले. लडाखचे बंद दार उघडले.

तथापि खिंड घेतली, म्हणजे मोहीम संपली असे नव्हते. पुढे मचोई होते, मटायन होते. थंडी दिवसेंदिवस वाढत होती. उणे तापमानात हातपाय गोठून बधिर होतात. तेल घट्ट होऊन यंत्रे चालेनाशी होतात. अशा स्थितीत पायदळ व रणगाडे एकमेकांना साहाय्य करीत पुढे गेले. १५ नोव्हेंबरला द्रास हाती आले. महिना संपण्यापूर्वी कारगिल मुक्त झाले, आणि तेथे लेहच्या बाजूने आलेल्या आपल्या सैनिकांशी त्यांची गाठ पडली. श्रीनगर ते लेह ही वाट मोकळी झाली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, १ जानेवारी १९४९ पासून, युद्धबंदी अमलात आली. नोव्हेंबरात खिंड उघडली नसती, तर युद्धबंदीच्या वेळी लडाख देशापासून तुटलेले राहिले असते.

या विजयाचे मर्म कशात होते? तो केवळ रणगाड्यांचा विजय नव्हता. रणगाडे वाट नसती तर बालतालातच उभे राहिले असते. सफरमैनांनी रस्ता केला. पण त्यांनाही धान्य, कपडे व दारू कोणी तरी पोहोचविलीच होती. पायदळ मागून गेले नसते, तर रणगाड्यांनी मोकळी केलेली ठाणी पुन्हा शत्रूने घेतली असती. विमानांनी लेह तगवून धरले नसते, तर खिंड उघडूनही फारसा उपयोग झाला नसता. असे अनेक धागे एकत्र विणले गेले, तेव्हा हे वस्त्र तयार झाले. ते विणणारा हात थिमय्यांचा होता.

युद्धानंतर थिमय्यांनी अनेक मोठी पदे भूषविली. दिल्लीच्या मुख्यालयात ते काही काळ क्वार्टरमास्टर जनरल होते. सैन्याचे अन्न, कपडे, निवारा आणि वाहतूक यांची व्यवस्था पाहणे हे या अधिकाऱ्याचे काम होय. जोझिलाच्या सेनानीला या पदाचे महत्त्व निराळे सांगण्याची गरज नव्हती.

१९५३ साली कोरियातील युद्ध थांबले. परंतु बावीस हजारांहून अधिक युद्धकैदी मायदेशी परत जाण्यास तयार नव्हते. त्यांचे काय करावे, या प्रश्नावरून तहाची बोलणी दीर्घकाळ अडून राहिली होती. अखेर पाच तटस्थ राष्ट्रांचा एक आयोग नेमण्यात आला आणि त्याचे अध्यक्षपद भारतातर्फे थिमय्यांना मिळाले. कैद्यांच्या रक्षणासाठी गेलेल्या भारतीय सैन्याचे प्रमुख होते कांगावच्या लढाईतील त्यांचे जुने सहकारी शंकरराव थोरात. कैदी बिथरलेले होते, त्यांच्यात आपसांत वैर होते, आणि दोन्ही पक्ष आयोगाच्या प्रत्येक कृतीकडे संशयाने पाहत होते. अशा परिस्थितीत या दोघांनी धीराने व निःपक्षपणे आपले काम पार पाडले. जगभर भारताची वाहवा झाली. १९५४ साली थिमय्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला.

मे १९५७ मध्ये ते भारताचे सरसेनापती झाले. त्या पदावर त्यांनी चार वर्षे काम केले. १९५९ साली संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी मतभेद होऊन त्यांनी राजीनामा दिला. परंतु पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या सांगण्यावरून तो परत घेतला. १९६१ साली ते निवृत्त झाले. त्यानंतर दुसऱ्याच वर्षी चीनने हिमालयाच्या सीमेवर आक्रमण केले. आपले जवान तेव्हाही शौर्याने लढले. परंतु उंच पहाडात त्यांच्यापाशी पुरेसे गरम कपडे नव्हते, पुरेसा दारूगोळा नव्हता, मागून कुमक येण्यास रस्ते नव्हते. त्याची किंमत देशाला मोजावी लागली. जोझिलाने विजयातून शिकविलेला धडा १९६२ साली पराभवाने पुन्हा शिकविला.

निवृत्तीनंतर कोडगूच्या मळ्यात शांतपणे राहण्याचा थिमय्यांना पूर्ण अधिकार होता. परंतु १९६४ साली संयुक्त राष्ट्रसंघाने त्यांना पाचारण केले. भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर ग्रीक व तुर्की समाजांत यादवी माजली होती. तेथील शांतिसेनेचे प्रमुखपद थिमय्यांनी स्वीकारले. आयुष्यभर युद्धविद्या आचरलेला हा सेनापती अखेरच्या दिवसांत युद्ध होऊ नये म्हणून झटत राहिला. हे कार्य चालू असतानाच १८ डिसेंबर १९६५ रोजी निकोसिया येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. पुढल्या वर्षी सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. मडिकेरी येथील त्यांच्या राहत्या घराचे आता स्मारक-संग्रहालय झाले आहे.

ज्या पाऊलवाटेला मद्रासच्या सफरमैनांनी पहारींनी रुंद केले, तिचाच पुढे मोठा महामार्ग झाला. त्या रस्त्याने धान्य गेले, औषधे गेली, शाळेची पुस्तके गेली. १९४८ च्या त्या नोव्हेंबरात जे जवान जोझिला चढले, त्यांतील अनेक जण परत आले नाहीत. त्यांची नावे थोड्यांनाच ठाऊक असतील. जनरल थिमय्यांचे नाव मात्र इतिहासात राहिले. आणि ते राहिले याचे कारण असे, की त्या निनावी जवानांच्या पुढे चालण्याचे धैर्य त्यांच्या अंगी होते, आणि त्यांच्या मागे भाकरी, कांबळे व काडतूस वेळेवर पोहोचते की नाही, हे पाहण्याची काळजीही त्यांच्या मनात होती.